दोन दांड्यांचं धनुष्य

त्या दिवशीचं काम एवढंच होतं: जायचं आणि लाकूड घेऊन यायचं.

मे महिना लागला होता, शाळेला सुट्ट्या होत्या, आणि आरतीच्या डोक्यात हिवाळ्यापासून एक धनुष्य घुमत होतं. अमरावतीतल्या एका शाळेत ती पोरांना तिरंदाजी शिकवायची. स्वतःही चांगली खेळलेली. तिच्याजवळ धातूचं, नेम दाखवणारी काडी आणि वजनाचे दांडे लावलेलं महागाचं धनुष्य होतंच. पण हिवाळ्यात एका स्पर्धेच्या ठिकाणी कुणीतरी तिच्या हातात साधं लाकडी लांब धनुष्य दिलं. नुसतं लाकूड, दोरी आणि आपण. पहिला बाण सुटला तेव्हा त्या लाकडाची थरथर तिच्या दंडातून जी छातीपर्यंत गेली, ती काही तिला विसरता येईना. तसलं धनुष्य विकत मिळालं असतं. तिला ते घरी, आपल्या हातानं करायचं होतं.

नवरा अंकुर पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचा. रंदा, पटाशी, करवत ही त्याची रोजची माणसं.

"करू ना," तो म्हणाला होता. "पातळ पट्ट्या काढायच्या, एकावर एक चिकटवायच्या आन् फर्म्यावर वाकवून आवळून टाकायच्या. बाकी काई नाई. फक्त लाकूड मुरलेलं पायजे."

पाठीला लावायला मेळघाटातला बांबू घरात वाळून तयार होता. आतल्या थरांसाठी लवचिक, जुनं लाकूड हवं होतं. ओळखीच्या एकानं सांगितलं, की चांदूर रेल्वेच्या पलीकडं एका गावात नत्थुजी म्हणून म्हातारे आहेत, त्यांच्या कोठ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकड्यांच्या दांड्या पडून आहेत. पटात धावणारा छकडा हलका असतो. बैल उधळले तरी त्याची दांडी वाकते, मोडत नाही. अंकुरचे डोळे लकाकले. दोघं सकाळीच गाडी काढून निघाले. रस्त्यात टरबूज घेतलं, गाणी लावली, एकमेकांची टर उडवली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना अजून एकमेकांसोबत प्रवास आवडायचा.

नत्थुजींच्या कोठ्यात जनावर एकही नव्हतं. गव्हाणी कोरड्या, खुंटे मोकळे. तरी आत पाऊल टाकताच आरतीच्या नाकात बैलाच्या घामाचा वास शिरला, आताच कुणीतरी जू उतरवून ठेवल्यासारखा. दांड्या दोनच होत्या. एक धामणीच्या लाकडाची, पिवळट. दुसरी तिवसाची, तांबूस. समोरासमोरच्या दोन भिंतींना टेकवलेल्या, आणि दोन्ही जाड तारेनं खुंट्यांना करकचून बांधलेल्या.

"काहून बांधून ठेवल्या, बाबाजी?" अंकुरनं विचारलं.

"पडतात," नत्थुजी म्हणाले. उंच, वाळलेला माणूस. बोलताना समोरच्याकडं पाहायचा नाही. "काय करसान याचं?"

अंकुरनं हौसेनं सगळं सांगितलं. पट्ट्या कशा काढणार, गोंद कसा लावणार, धामणीवर तिवस आणि तिवसावर बांबू.

"म्हंजे दोन्ही चिकटवसान? एकमेकाले?"

"अशा चिकटवू का पुन्हा कोणाच्या बापाले वेगळ्या करता येणार नाई."

म्हातारा पहिल्यांदा अंकुरच्या तोंडाकडं पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच पकड आणली आणि तारा सोडायला लागला. दारात त्याची बायको वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आरतीला पेला देता देता ती एकदम पुटपुटली, "एकच ने बाई. कोणचीबी ने. दोन्ही नोको नेऊ..."

"तू चूप राय," नत्थुजी म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण म्हातारी तांब्या घेऊन लगेच आत वळली.

दोन्ही दांड्या गाडीच्या टपावर बांधून दोघं निघाले. गाव सुटलं आणि डोक्यावर ठकठक सुरू झाली. अंकुरनं गाडी थांबवून दोरी आवळली. पुन्हा ठकठक. पुन्हा आवळली. घरी येऊन पाहिलं तर नायलॉनची नवी कोरी दोरी मधोमध झिजून तुटली होती, आणि दांड्या एकमेकींना जिथं टेकत होत्या तिथं दोन्हींवर ताज्या खोका पडल्या होत्या.

"रस्ताच तसा हाय," अंकुर म्हणाला.

रस्ता नुकताच डांबरी झालेला होता. 

घराच्या मागं टिनाची एक पडवी होती. तिथं काम सुरू झालं. आरा मशीनवर पट्ट्या काढून आणल्या, अंकुरनं त्या रंद्यानं सारख्या केल्या. धामणीचा भुसा निघाला मऊ, पिवळा. तिवसाचा तांबडा, डोळ्यात गेला की झोंबणारा. पंख्याच्या वाऱ्यानं दोन्ही भुसे पडवीभर उडाले. संध्याकाळी आरती झाडायला गेली तेव्हा पिवळा एका भिंतीशी साचलेला होता आणि तांबडा समोरच्या. मधली जमीन पुसल्यासारखी स्वच्छ. तिनं अंकुरला हाक मारून दाखवलं. तो हसला. तीही हसली. हसणं मात्र थोडं लवकर संपलं.

दुसऱ्या दिवशी दोन डब्यांतला गोंद कालवला. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. खाली धामण, मधे तिवस, वर बांबू. फर्म्यावर वाकवून शिकंजे आवळले आणि पडवीतच ठेवून दिलं. मे महिन्यात टिनाखाली गोंद वाळायला वेगळी भट्टी लागत नाही. दुपारी दोघं आत कूलरसमोर पडले होते. पडवीतून आवाज यायला लागला. आधी करकर. मग कुणीतरी दात ओठ खाऊन जोर लावावा तसं हुंकारल्यासारखं... मग फटाफट लोखंड पडल्याचा आवाज.

जाऊन पाहिलं. शिकंजे जमिनीवर होते. बांबू तिवसाला घट्ट धरून होता, पण धामण आणि तिवसाच्या मधे बोटभर फट. गोंद ओला नव्हता. तो वाळला होता, आणि लाकडाचे तंतू सोलून घेऊन फाटला होता.

"गोंद बरोबर नाई कालवला तू," अंकुर म्हणाला.

"मी? डबे तर तुह्या हातात होते."

एवढंच. पण आरतीला आठवतं, की त्यानं तिच्याकडं पाहिलं तेव्हा आपल्याला त्याचं तोंड आवडलं नव्हतं. त्याचे वर उचललेले ओठ, कपाळावरचा घाम, श्वास घेण्याची पद्धत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हा माणूस इतक्या जवळ उभा कशाला राहतो?

अंकुर हट्टाला पेटला. नव्यानं पट्ट्या घासल्या, नवा गोंद आणला, शिकंजे दुप्पट लावले. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सगळं धनुष्य ममीसारखं गुंडाळून टाकलं. आवळताना त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. "पाहतो कसे नाई राहत," तो दातांतून म्हणाला. 'कशा' नव्हे, 'कसे'. ते आरतीच्या कानावर पडलं आणि तसंच राहिलं.

या वेळी धनुष्य चिकटलं. ती दुपार आणि पुढची रात्र पडवीत अगदी शांत होती. घरात मात्र कुणाला झोप लागली नाही. सकाळी ट्यूब सोडल्या तेव्हा तिन्ही थर एकजीव झाले होते. सांधा शोधायला नख फिरवावं लागत होतं. इतकं देखणं लाकूड आरतीनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्यावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. धनुष्य ताणलेलं नव्हतं, दोरी लागायची होती, तरी आत काहीतरी गच्च आवळलेलं होतं. मुठीत धरलेल्या मुठीसारखं.

मग आलं दोन्ही बाजू सारख्या करण्याचं काम. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवं अडकवायचं, दोरीनं खाली ओढायचं, आणि कोणती बाजू कमी वाकते ते पाहून तिकडचं लाकूड थोडं थोडं खरवडायचं. हातात धरल्यावर वर येणारी बाजू अंकुरकडं, खालची आरतीकडं. वरची ताठ म्हणून त्यानं खरवडावं, तर खालची ताठ व्हायची. तिनं खरवडावं, तर वरची. असं होत होत लाकूड पातळ होत चाललं, पण ताण मात्र वाढतच होता.

"तू मी नसताना घासून राहिली," अंकुर एका सकाळी म्हणाला.

"मले काय दुसरा धंदा नाई?"

"मंग वरची बाजू रातोरात कशी कमजोर झाली? तुले पाह्यजेच नाई का माही बाजू बरोबर यावी."

"तुही बाजू?" आरती म्हणाली. "धनुष्य माहं हाय."

बोलता बोलता दोघंही उभे राहिले होते. तिच्या हातात पटाशी होती. ती कधी उचलली, हे तिला कळलं नव्हतं. अंकुरनं पटाशीकडं पाहिलं, आणि घाबरायच्या ऐवजी तो हसला. ओठ न उघडता, जणू याच क्षणाची वाट पाहत होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "बाजूले हो."

 नवरा आपल्याला दादा म्हणाला. थट्टेनं नाही. चिडवून नाही. लहान भाऊ मोठ्याला म्हणतो तसा, फक्त त्यात माया नव्हती. आणि त्याहून भयंकर म्हणजे, तिच्या घशातून उत्तर आलंसुद्धा होतं. जाड, खरखरीत आवाजात तिनं एक शिवी दिली होती. तसली शिवी तिनं जन्मात कधी उच्चारली नव्हती. तिचा अर्थही तिला नीट ठाऊक नव्हता.

पटाशी खाली पडली.  मग अंकुरनं कपाळ चोळलं. "काय म्हणलो मी आता?" त्यानं विचारलं. त्याचा नेहमीचा आवाज.

तिनं सांगितलं नाही. तासाभरात ती स्टेशनवर होती.

चांदूर रेल्वेला उतरून ऑटोनं ती गावात पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. वच्छलाबाई ओसरीवर एकटीच बसली होती. आरतीला पाहून ती उठली नाही, की ये म्हणाली नाही. फक्त बाजूचं पोतं हातानं साफ केलं. आरतीनं विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

"दोघं माह्याच पोटचे. थोरला आन् धाकटा. दोघंही धुरकरी, पटात छकडे हाकत. पण पाळण्यापासून वैर. कशावरून, ते मले आजलोक नाई समजलं बाई. वावरावरून नाई, बैलावरून नाई. एकाले दुसरा नुसता दिसला का अंगात भरो त्याच्या."

"मग?"

"पटाचा दिवस होता. दोन्ही छकडे जोडीनं सुटले. मधातच बैल वळले... एकमेकाच्या अंगावर. कोणं वळवले, तं लोकं म्हणतात, दोघाईनंही. छकडे उलटले. लोकं धावत गेले तवा दोघं जित्ते होते." म्हातारीनं पोत्याची कड सरळ केली.  "एकमेकाचा गळा धरून होते. कोणाच्यानं सुटले नाई. तसेच गेले. गेल्यावरच हात सुटले."

कोठ्याच्या दारात नत्थुजी येऊन उभे होते.

"दोन सरणं रचली म्या," ते म्हणाले. "शेजारी शेजारी. वारा एकच होता. पण धूर एकाचा इकडं गेला, एकाचा तिकडं."

"आन् हे सगळं माहीत असून तुमी त्याईच्या दोन्ही दांड्या आम्हाले देल्ल्या?" आरतीचा आवाज फाटला.

"तुहा नवरा म्हणला, कोणाच्या बापाले वेगळ्या करता येणार नाई." नत्थुजी आजही तिच्याकडं पाहत नव्हते. "मी त्याईचा बाप हाय. जित्तेपणी माह्यानं जमलं नाई. मले वाटलं, चिकटवसान तं एक होतीन."

"ते एक नाई झाले. ते आमच्या घरात भांडून राहिले! आमचा जीव घेतीन ते!"

म्हाताऱ्यानं मान हलवली. नाही म्हणून नाही. ऐकलं म्हणून. "पोरं माहे होते," तो म्हणाला. "तुमी कोण माहे?"

आरती तिथून जवळजवळ पळाली. ऑटोत बसून तिनं अंकुरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला, पण पलीकडून आवाज नाही. फक्त धापा, खूप पळून आलेल्या माणसाच्या. मग जीभ टाळूला लावून बैलाला हाकताना काढतात तसं चकचक... अंकुर शहरात वाढलेला. त्यानं उभ्या जन्मात बैलाच्या शेपटीला हात लावलेला नव्हता.

"अंकुर, कुठी हायस तू?"

"मैदानात," तो म्हणाला. "ये."

भातकुलीच्या रस्त्याला तिच्या सासऱ्यांचं वावर होतं. हंगाम सरला की ती तिथं गवताच्या पेंढ्यांचं निशाण लावून सराव करायची. दुसरं मैदान त्यांचं नव्हतंच.

ती पोचली तेव्हा दुपार ऐन भरात होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. काळी जमीन तडकून हातहात भेगा पडलेल्या, त्यातून वाफ यावी तसं ऊन थरथरत होतं. वावराच्या मधोमध अंकुर उभा होता, अनवाणी. हातात धनुष्य. त्याला दोरी चढवलेली होती. बाजू सारख्या झालेल्या नव्हत्या, मूठ घासायची राहिली होती, अशा धनुष्याला कुणी दोरी चढवत नाही. आणि तो तिच्याकडं तोंड करून उभा होता.

"अंकुर, ते खाली ठेव."

त्यानं बाण लावला. तिनं कितीदा शिकवूनही त्याला धड उभं राहता यायचं नाही. आज मात्र पाय जमिनीत रोवलेले, खांदे एका रेषेत. दोरी हनुवटीपर्यंत आली. धनुष्यातून बारीक करकर निघाली, थांबेचना.

"अंकुर... माह्याकडं पाह्य. मी आरती."

"पट माहा हाय, दादा," तो म्हणाला.

आणि तेव्हा आरतीची भीती गेली. हीच गोष्ट ती पुढं कधी कुणाला सांगू शकली नाही. भीती गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी उकळत वर आलं. तिला पळायचं नव्हतं. त्याला शुद्धीवर आणायचं नव्हतं. तिला फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं होतं. तिनं वाकून दगडासारखं वाळलेलं ढेकूळ उचललं आणि सरळ बाणाच्या टोकाकडं चालू लागली. त्याचे ओठ, त्याचा घाम, त्याचा श्वास, सगळं तिला नकोसं होतं. हा आपल्या आधी जन्माला का आला नाही, आपल्यानंतर का आला, आला तो जगलाच कशाला... असे विचार डोक्यात येत होते, आणि ते आपले नाहीत हे कळत असूनही गोड लागत होते.

अंकुर दोरी सोडत नव्हता. पुरता ताणलेला बाण इतका वेळ धरून ठेवता येत नाही, हात लटपटतात. त्याचा हात स्थिर होता. धनुष्यच थकलं. करकर वाढत गेली, हुंकार झाली, आणि ती अगदी चार हातांवर असताना लाकडाला तडा गेला.

बंदूक सुटावी तसा आवाज झाला. धामण आणि तिवस सांध्यापासून सुटे झाले. बाण आरतीच्या दंडाचं मांस ओरबाडून गेला. सुटलेली धामणीची पट्टी चाबकासारखी उलटली आणि अंकुरच्या तोंडावर बसली. तो मागच्या मागं पडला.

तिला आपला दंड जाणवलाही नाही. ती त्याच्या छातीवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. त्याचा अर्धा चेहरा रक्तानं भरला होता. तरी त्याचेही हात वर आले आणि तिच्या गळ्याभोवती बसले. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन पांढरं झालं, मग काळं झालं. आणि त्या काळोखात कुठून तरी अंकुरचा, तिच्या अंकुरचा, घुसमटलेला आवाज आला.

"आरती... दुखते..."

त्याचे हात गळून पडले. तिनं आपले हात काढायला पाहिले. निघेनात. बोटं लाकडाची झाली होती. तिनं दातांनी एकेक बोट पकडून मागं ओढलं, तेव्हा कुठं त्याचा गळा मोकळा झाला.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं दोघांना अमरावतीला पोचवलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, की धनुष्य मोडलं. ते खोटंही नव्हतं. गळ्यावरच्या वळांबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती अंकुरच्या औषधांचं विचारायला लागली. अंकुरचा डावा डोळा गेला. तो वाचवता येण्यासारखा नव्हताच, असं डॉक्टर म्हणाले. हातांच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. ते पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवले. तो गुंगीत होता. मधेच एकदा तिचं नाव घेऊन रडला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि तिच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं. ते पाहून तीही रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतली लाईन गेली. कूलर बंद पडला. दार लोटून नत्थुजी आत आले, मागं वच्छलाबाई. आरतीनं कुणालाच कळवलं नव्हतं. सासरीसुद्धा अजून फोन केला नव्हता.

"कोणं सांगतलं तुमाले?" तिनं विचारलं.

 नत्थुजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. अंकुरच्या बांधलेल्या डोळ्याकडं त्यांनी पाहिलं, आणि कपड्याची घडी पाहावी तशी नजर पुढं नेली.

"कुठी हाय थे?"

"वावरात पडलं असन. जा, घेऊन जा. आन् पुन्हा मले तोंड नोका दाखवू."

"किती वेळ राहिले सोबत?"

आरतीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "चिकटल्यापासून... काल दुपारपर्यंत," तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. समाधानच होतं ते. "लय झाले," तो स्वतःशीच म्हणाला, आणि जाऊन दारात उभा राहिला, बाहेर तोंड करून.

वच्छलाबाईनं पिशवीतून दोन डबे काढले. एक तिनं अंकुरच्या खाटेपलीकडं, खिडकीखालच्या स्टुलावर ठेवला. दुसरा आणून आरतीच्या मांडीवर दिला. डबा गरम होता. गाव एवढं दूर, तरी आताच चुलीवरून उतरवल्यासारखा गरम. म्हातारीनं आरतीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग वळून अंकुरच्या डोक्यावरून, अगदी तसाच.

"जेवून घ्या दोघंही," ती म्हणाली. "एकमेकाकडं पाहू नोका. पाठ करून बसा."

आरतीला उठून तिला बाहेर काढायचं होतं. ओरडायचं होतं. पण तिला भूक लागली होती. असली भूक तिला कधी लागली नव्हती. तिनं खाटेकडं पाठ केली आणि झाकण काढलं. भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा. समोर वच्छलाबाई उभी होती, दोन्ही हात पदराखाली. नत्थुजी दारात पाठमोरे. खोलीत पाचवं कुणी नव्हतं, आणि अंकुर गुंगीत होता, दोन्ही हात मनगटापर्यंत बांधलेले.

तिनं पहिला घास तोंडाशी नेला, आणि तिच्या पाठीमागं, खाटेच्या पलीकडं, दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं.